हेडफोन घातले की 'स' टोचतो : कान बिघडलेत की हेडफोन?

मोगरा_नागपूर | १९ मे, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते.

मी घरून मराठी ऑडिओबुकांचं संपादन करते. निवेदकाने पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकायचं, चुकलेली वाक्यं कापायची, श्वास आणि ओठांचे चटचट आवाज काढायचे. रोज पाच-सहा तास हेडफोन कानावर असतात. जुने हेडफोन मार्चमध्ये तुटले, म्हणून साडेआठ हजारांचे नवीन 'स्टुडिओ' हेडफोन ऑनलाइन मागवले. बंद पाठीचे, कान पूर्ण झाकणारे. नाव मुद्दाम लिहीत नाही.

पहिल्या आठवड्यातच त्रास सुरू झाला. निवेदिका 'सदुसष्ट' म्हणाली की दोन्ही कानांत सुई टोचल्यासारखं होतं. 'चहा'तला च चालतो, 'चाळी'तला टोचतो. 'शेजारच्या सासूबाई' असं काही आलं की हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. तासाभराने चष्म्याच्या काड्यांखाली कानामागे ठणकायला लागतं, आणि टाळूवर रुपयाच्या नाण्याएवढी जागा अशी दुखते की केस विंचरताना कळ येते. घामाचं तर विचारूच नका. काम संपवून झोपायला गेले की दहा-पंधरा मिनिटं कानात बारीक किणकिण होते. परत पाठवायचं म्हटलं तर 'खोका उघडलेला आहे' म्हणून विक्रेत्याने नकार दिला.

आणि मागच्या आठवड्यात पुस्तकाचं एक प्रकरण परत आलं. प्रकाशकांनी लिहिलं होतं, 'निवेदिका बोबडी वाटते आहे.' मला 'स' टोचत होता म्हणून मी डी-एसर (रेकॉर्डिंगमधला 'स'चा टोचणारा भाग दाबणारं साधन) इतका लावला की तिचा 'स'च बोथट झाला. बिचारीची काही चूक नव्हती. त्या दिवशी मी खरी घाबरले. माझ्या कानांवर माझं पोट आहे. ते बिघडलेत का?

---

तर्री_पोहा | २० मे, सकाळी ७:१०

ताई, काऊन एवढा त्रास सहन करून राहिल्या तुम्ही? आधी दोन गोष्टी सांगा. चष्मा घालूनच हेडफोन लावता का? आणि खोलीत काम करताना काय काय चालू असते? कूलर आहे का?

---

मोगरा_नागपूर | २० मे, सकाळी ७:४५

चष्मा सतत असतो, जाड काड्यांचा. आणि मानेवाड्यात वरच्या मजल्यावर राहते, मे महिन्यात कूलरशिवाय इथे बसणं शक्यच नाही. टेबलापासून पाच-सहा फुटांवर खिडकीत मोठा लोखंडी कूलर आहे.

---

तर्री_पोहा | २० मे, सकाळी ७:५२

मग अर्धा रोग तिथंच सापडला. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आता ड्युटीवर निघालो.

---

जवारी | २० मे, सकाळी ९:३०

मोगराताई, मी तबला वाजवतो आणि मित्रांच्या बैठकी रेकॉर्ड करतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

टोचणं ही तुमची कल्पना नाही. माणसाचा कान सगळ्या पट्ट्यांना सारखा तीक्ष्ण नसतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची, एका टोकाला पडद्याने बंद. अशा नळीत ३ ते साडेतीन किलोहर्ट्झचा (किलोहर्ट्झ म्हणजे सुराच्या उंचीचं माप) आवाज आपोआप घुमतो आणि वाढून पडद्यावर आदळतो. म्हणून २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आपण सर्वांत हळवे. त्याच्या वर, साधारण ५ ते ९ किलोहर्ट्झमध्ये, स-श-च यांचा सीत्कार बसलेला असतो. 'चाळी'तला च दंत्य, त्याच्या पोटात सरळसरळ 'स' आहे. तो टोचतो आणि 'चहा'तला टोचत नाही, हे तुम्ही अगदी नेमकं पकडलंत.

बऱ्याच हेडफोनांना याच पट्ट्यात मुद्दाम उठाव दिलेला असतो. दुकानात दोन मिनिटं ऐकताना तो 'स्वच्छ', 'बारकावे दाखवणारा' वाटतो, सहा तास ऐकताना तोच सोलून काढतो. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो या उठावासाठी ओळखला जातो, ८ किलोहर्ट्झच्या आसपास. उलट सेनहायझरचा एचडी ६५० मवाळ म्हणून. दोन्ही चांगले, दोघांचे चाहते भांडत बसतात, पण 'स' सहन न होणाऱ्याने पहिल्याच्या वाटेला जाताना विचार करावा. मात्र दोन्ही उघड्या पाठीचे आहेत. कूलरच्या खोलीत उघड्या पाठीचे हेडफोन म्हणजे कूलर थेट कानात.

माझी कसोटी अशी : ओळखीच्या रेकॉर्डिंगमधला तबल्याचा 'ना' ऐकायचा. चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, पडलेलं बोट लाकडासारखं कोरडं टणक लागलं तर ठीक. त्याच्या डोक्यावर 'च्छ' असा काचेचा तुकडा बसलेला ऐकू आला, तर हेडफोन बोलतोय, तबला नाही.

---

ऑरेंज_लाइन | २० मे, दुपारी १:१५

नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात बसून रोज आठ तास हेडसेट घालते, त्यामुळे आरामाबद्दल लिहिते.

वजन बघा. एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या जवळपास, सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ २५० ग्रॅम. एकशे पस्तीस ग्रॅमचा फरक पहिल्या तासात कळत नाही, चौथ्या तासात मान सांगते. पण ताई, नाण्याएवढी जागा दुखते म्हणजे नुसतं वजन नाही, पट्टा टाळूवर एकाच बिंदूवर टेकतोय. कप एकेक खूण खाली सरकवून पाहा, आणि पट्टा किंचित पुढे, कपाळाच्या बाजूला घ्या. मी पट्ट्याखाली जुन्या सुती ओढणीची चौपदरी घडी बांधली आहे. घाम टिपते आणि दर दोन दिवसांनी धुता येते.

नॉइज कॅन्सलिंगबद्दल : मेट्रोत खापरीपर्यंत येता-जाता मला ते फार उपयोगी पडतं, कारण ते खालचा घरघराट उत्तम कापतं. कूलरचा आवाजही तसाच. पण काहींना त्याने कानात दडे बसल्यासारखं वाटतं, माझ्या शेजारच्या मैत्रिणीला तर अर्ध्या तासात मळमळतं. दुसऱ्याचे मागून घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

---

अंबाझरी_काका | २० मे, सायंकाळी ५:४०

वय ७१. माझा अनुभव निराळा आहे, म्हणून विचारतो. टीव्हीसाठी मुलाने हेडफोन आणून दिले. हळू आवाजात शब्द कळत नाहीत. दोन घरं वाढवलं की एकदम कर्कश होतं. नातू म्हणतो, आजोबा, म्हाताऱ्यांना वरचे आवाज ऐकूच येत नाहीत, मग टोचतात कसे? त्याला उत्तर देता आलं नाही.

दुसरं म्हणजे वडिलांची खंजिरी भजनं कॅसेटवर आहेत. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत ते खंजिरी धरत. मुलाने त्या कॅसेट संगणकावर घेतल्या. पण हेडफोनवर खंजिरीच्या चकत्या एवढ्या झणझणतात की वडिलांचा आवाज मागे राहतो. मला त्यांचा आवाज ऐकायचा आहे.

---

श्रवणा | २० मे, रात्री ९:०५

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी. आधी काकांना उत्तर देते, कारण प्रश्न फार चांगला आहे.

काका, तुमचं आणि नातवाचं दोघांचंही बरोबर. वयाबरोबर आतल्या कानातल्या केसपेशी कमी होतात, वरच्या पट्टीतल्या आधी. त्यामुळे हळू आवाज ऐकूच येत नाही. पण मोठ्या आवाजाची सहनशक्ती त्या प्रमाणात वर सरकत नाही. 'ऐकू आलं' आणि 'असह्य झालं' यांच्यामधली जागाच आक्रसते. याला रिक्रूटमेंट म्हणतात. म्हणून दोन घरांतच तुम्ही एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाता. नुसता आवाज वाढवणं हा त्यावरचा उपाय नाही. तपासणी करून श्रवणयंत्र लावलंत तर ते हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवतं. मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा.

मोगराताई, कान चांगले असूनही आवाज असह्य होण्याची कारणं वेगळी असतात. अर्धशिशी असणाऱ्यांना झटक्याच्या आगेमागे आवाज सोसत नाही. चेहऱ्याच्या नसेला लकवा आला तर कानातला एक छोटा स्नायू, जो मोठ्या आवाजाला आवर घालतो, काम सोडतो आणि त्या बाजूला सगळं भडक ऐकू येतं. आणि हायपरअक्यूसिस म्हणून एक त्रास आहे, त्यात भांड्याचा, कागदाचा साधा आवाजही झोंबतो. तुम्हाला हेडफोनशिवाय, स्वयंपाकघरात, रस्त्यावर असं होतं का? होत नसेल तर संशय हेडफोनवर आणि आवाजाच्या पातळीवर जास्त.

ती किणकिण मात्र दुर्लक्षून चालणार नाही. कानावर त्या दिवशी जास्त भार पडला, असा तो निरोप आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा हिशेब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत असा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८३ला २० तास, ८६ला १०. ९०वर जेमतेम ४ तास, आठवड्याचे. तुम्ही आठवड्याला तीस-पस्तीस तास ऐकता, म्हणजे तुमच्याकडे उधळायला डेसिबल नाहीत.

आणि एक कळकळीने सांगते. आवाज टोचतो म्हणून दिवसभर कानात बोळे घालून बसू नका. शांततेची सवय लागली की कान आणखी हळवा होतो. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दाखवायचं.

---

तर्री_पोहा | २० मे, रात्री १०:२०

आलो. श्रवणाताईंनी पातळीचं सांगितलं, आता ती पातळी वाढते काऊन ते मी सांगतो, कारण मी हे दोन उन्हाळे भोगलं आहे.

बंद हेडफोनमधला बास, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, हा कान आणि कप यांच्यातल्या कोंडलेल्या हवेवर उभा असतो. चष्म्याच्या काडीने गादी उचलली, बारीक फट पडली, की हवा निसटते आणि पहिला जातो तो बास. ट्रेबलला, म्हणजे वरच्या पट्टीला, फटीचा फारसा फरक पडत नाही. म्हणजे ट्रेबल वाढत नाही, त्याच्या अंगावरचं पांघरूण जाते आणि तो उघडा पडते. त्यात कूलरची घरघर खालच्या पट्टीतली, उरलासुरला बास ती खाऊन टाकते, आणि बंद हेडफोन खालचा आवाज फार अडवत नाहीत. मग आपल्याला वाटते आवाज भरत नाही, आपण वाढवतो. वाढते सगळंच, पण कानापर्यंत धडपणे पोचते फक्त वरचं. सहा तास हेच.

ताई, आता उठा, कूलर दोन मिनिटं बंद करा, चष्मा काढा आणि तेच 'सदुसष्ट' ऐका. मग दोन्ही तळव्यांनी कप हलके दाबून पुन्हा ऐका. काय होते ते इथं लिहा.

---

मोगरा_नागपूर | २१ मे, रात्री १२:३५

आत्ताच करून पाहिलं. हात अजून थरथरतोय म्हटलं तरी चालेल.

कूलर बंद, चष्मा काढला. निवेदिकेच्या आवाजाला एकदम छाती आली. महिनाभर मी तिला पातळ आवाजाची समजत होते, ती तशी नाहीच. कप दाबल्यावर आणखी भरलं. मग बोटाने एका बाजूची गादी काडीएवढी उचलली, तर लगेच तोच पत्र्यासारखा आवाज परत. आवाजाचा आकडा पाहिला : रोज ६२वर असतो, आता ४०वर सगळं नीट ऐकू येत होतं.

'स' अजूनही थोडा टोचतो, पण सुईऐवजी खडूसारखा. आणि नाही श्रवणाताई, भांडी-बिंडी मला काहीच त्रास देत नाहीत.

---

सोनेगाव_संध्या | २१ मे, सकाळी ८:५०

बर्न-इन केलंत का? नवे हेडफोन शंभर तास वाजवून ठेवले की ट्रेबल मऊ होतो. माझ्या दोन्ही जोड्यांचा तोच अनुभव.

---

जवारी | २१ मे, सकाळी १०:१०

संध्याताई, अनुभव खरा असेल, पण त्याचं तुम्ही दिलेलं कारण मला पटत नाही. शंभर तासांत ड्रायव्हरपेक्षा (हेडफोनमधल्या आवाज काढणाऱ्या भागापेक्षा) जास्त बदलतात त्या गाद्या. त्या दबून मऊ होतात, डोक्याला बसतात, फट मिटते, बास परत येतो. आणि आपला कानही सरावतो, ते तर मला अजिबात नको. मोगराताईंचा कान त्या उठावाला सरावला तर त्या उलट चूक करतील, खरोखर टोचणारा 'स' तसाच जाऊ देतील.

ताई, उरलेला खडू इक्वलायझरने (हव्या त्या पट्टीतला आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) काढा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, अँड्रॉइडवर वेव्हलेट. आधी आवाज अगदी हळू करा, नेहमीच्या निम्म्याहून कमी. मग ४ ते १० किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर लावा. कुठेतरी तो अचानक ओरडेल, तो आकडा टिपा. नंतर हेडफोन बोटभर पुढे-मागे सरकवून पुन्हा ऐका. ओरडण्याची जागा सरकली तर तो तुमच्या कानाच्या पाळीचा आणि बसण्याचा खेळ, त्याला हात लावू नका. जागची हलली नाही तर तिथे अरुंद फिल्टर लावा, ३ किंवा ४ डेसिबल खाली, क्यू (फिल्टर किती अरुंद याचं माप) ३च्या आसपास. त्याहून जास्त कापू नका, नाहीतर श आणि स यांच्यातला फरकच जाईल.

फार महत्त्वाचं : हे फक्त तुमच्या ऐकण्याच्या वाटेवर. फाइलवर नाही.

काका, तुमच्या भजनांवरही याच वाटेने काम होईल. खंजिरीच्या चकत्या बऱ्याच वर असतात, वडिलांचा आवाज खूप खाली. मुलाला सांगा, कॅसेटची मूळ प्रत अजिबात न बदलता दुसरी प्रत करायची आणि तिच्यात ६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग थोडा थोडा उतरवत जायचं. तुम्ही शेजारी बसा. वडिलांचा आवाज पुढे आला की थांबा म्हणा. तो आवाज कसा होता हे तुम्हालाच माहीत आहे.

---

तर्री_पोहा | २१ मे, दुपारी २:३०

पकड सैल करायची असेल आणि आतला पट्टा लोखंडी पत्तीचा असेल, तर रात्रभर हेडफोन पुस्तकांच्या चवडीवर ताणून ठेवा, डोक्यापेक्षा बोटभर रुंद. दोन-तीन रात्री. प्लास्टिकचा पट्टा असेल तर बिलकुल करू नका, तडा जाते. आणि फार सैलही नको, नाहीतर पुन्हा फट पडते न बास पळते.

रेक्झिनच्या गाद्या काढून मखमली लावल्या तर घाम कमी, चष्म्याची काडीही त्यात रुतते. पण मखमलीतून थोडा बास गळते, हे लक्षात ठेवा. मी लावल्या आणि ड्रायव्हरसमोर टिश्यू पेपरचा एकच पदर ठेवला. नवीन शोध नाही हा. यामाहाचा एनएस-१० नावाचा स्पीकर १९७८चा, जगभरच्या स्टुडिओत असायचा. त्याचा ट्रेबल टोचते म्हणून रेकॉर्डिंगवाले त्याच्या ट्वीटरवर, म्हणजे वरचे आवाज काढणाऱ्या छोट्या भागावर, टिश्यू चिकटवत. एक पदर ठेवा, ऐका, पटला नाही तर काढा. बिनखर्चाचं आहे.

चष्म्यासाठी मात्र बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन बारीक धातूच्या काड्यांची फ्रेम घ्या. माह्या सगळ्या उपायांत त्याचाच सर्वांत जास्त फरक पडला.

---

अंबाझरी_काका | २७ मे, सकाळी ६:५५

काल रात्री मुलगा आणि मी बसलो. तो एकेक पायरी उतरवत गेला. चौथ्या पायरीला वडिलांनी मध्येच खाकरून श्वास घेतलेला ऐकू आला. ते ओळ संपल्यावर तसे घेत. मी त्याला थांब म्हटलं. जवारीबुवा, आपले उपकार आहेत.

सोमवारी मेडिकलला जाणार आहे.

---

मोगरा_नागपूर | ५ जून, रात्री १०:१५

दोन आठवड्यांचा हिशेब देते.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केला, २५० ते ८००० हर्ट्झ. दोन्ही कान सगळीकडे २० डेसिबलच्या आत. कागद हातात आला तेव्हा तिथेच बाकावर पाच मिनिटं बसून राहिले.

फ्रेम बदलली. कूलर खिडकीतून काढून बाहेर गॅलरीत स्टँडवर ठेवला, हवा आत येते पण लोखंडाची थरथर खोलीत येत नाही. जवारीदादांच्या रीतीने शोधलं तर माझ्या हेडफोनात ८ किलोहर्ट्झच्या जरा खाली एक टोक सापडलं, जागचं हलत नव्हतं. तिथे साडेतीन डेसिबल कापले. टिश्यूही लावून पाहिला, पण मग ओठांचे चटचट आवाज निसटायला लागले, तेच पकडायचं माझं काम, म्हणून काढला. ओढणीची घडी ठेवली आहे. आकडा ३८ ते ४२. पन्नास मिनिटं काम, दहा मिनिटं हेडफोन खाली. किणकिण नऊ दिवसांत एकदाही नाही.

ते परत आलेलं प्रकरण मूळ रेकॉर्डिंगवरून पुन्हा केलं. डी-एसर जवळजवळ लागलाच नाही. निवेदिकेला फोन करून माफी मागितली आणि तिचा 'स' किती सुरेख आहे तेही सांगितलं.

आता एकच प्रश्न. मखमली गाद्या मागवल्या आहेत, पण पाऊस येऊ घातलाय. रेक्झिनच्या गाद्या काढून ठेवायच्या तर कशा ठेवू? मागच्या जोडीचे पावसाळ्यात पापुद्रे निघाले होते.

---

ऑरेंज_लाइन | ५ जून, रात्री १०:४०

घाम आणि दमट हवा दोन्हींनी ते रेक्झिन सुटतं. ओल्या फडक्याने पुसा, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, मग सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. एकावर एक दाबून ठेवू नका, चिकटतात.